निवळलेले पाणी आणि शुद्ध पाणी

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-१९, २ राजे २:१९-२२, याकोब २:१४-१७



उन्हाळा संपत आला की आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न हमखास येतो. "वाशीम जिल्ह्यातल्या वस्त्यांवर पावसाळ्यात गढूळ पाणी प्यावे लागते, असे आपण वाचतो. मग आम्ही तुरटीची पाकिटे जमवून पाठवू का?" या प्रश्नामागचे प्रेम खरे आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. तुरटी उपयोगाची आहे, पण किती टाकायची हे त्या पाण्याला विचारल्याशिवाय ती वाटणे योग्य नाही. शिवाय तुरटीने पाणी निवळते, शुद्ध होत नाही. हे दोन मुद्दे नीट समजले तर आपली मदत दुप्पट उपयोगी पडेल, म्हणून या अंकातला पाठ त्यावर देत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. सध्या सेवाकार्यानिमित्त मालेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या आंध समाजाच्या एका वस्तीवर जात असतो. तिथल्या बायाबापड्यांबरोबर जे करून पाहिले, तेच इथे मांडतो.

पाणी गढूळ का राहते?

आपली जमीन काळी, चिकण. पहिल्या जोरदार पावसाबरोबर शेतातली माती नाल्यात उतरते. वाळूचे कण जड असतात, ते घागरीच्या तळाशी लगेच बसतात. चिकणमातीचे कण मात्र फारच बारीक. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दोन मायक्रॉन जाडीचा कण स्थिर पाण्यात एक फूट खाली जायला जवळजवळ एक दिवस घेतो. त्याहून दहापट बारीक कणाला तेवढ्याच अंतरासाठी काही महिने लागावेत, आणि प्रत्यक्षात तो खाली बसतच नाही. या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येत नाहीत आणि पाण्यात तरंगत राहतात. म्हणून रात्रभर ठेवलेली घागरही सकाळी तांबूसच दिसते.

तुरटीत अॅल्युमिनियम असते. ती पाण्यात विरघळली की धन भाराचे कण तयार होतात. ते मातीच्या कणांचा ऋण भार मारतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटू लागतात. त्याच वेळी अॅल्युमिनियमचे कापसासारखे पांढरे पुंजके बनतात आणि खाली बसता बसता उरलेली माती आपल्याबरोबर घेऊन जातात. वरचे पाणी निवळते. यात जादू काही नाही, पण प्रमाण मात्र आहे.

प्रमाण ठरवायचे कसे?

घरोघरी तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवतात. किती तुरटी विरघळली हे कोणालाच कळत नाही. खडा जुना असेल तर कमी, नवा असेल तर जास्त. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत रोज एक साधी चाचणी करून प्रमाण ठरवतात. तीच चाचणी सहा बरण्यांत वस्तीवरही करता येते. पद्धत अशी :

१. दहा ग्रॅम तुरटी कुटून एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात टाकला की लिटरमागे दहा मिलिग्रॅम तुरटी होते. द्रावण ताजे वापरावे.

२. एकसारख्या सहा काचेच्या बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आणलेले एक लिटर पाणी भरावे. भरण्याआधी पाणी ढवळून घ्यावे, म्हणजे गाळ सगळ्यांत सारखा येतो.

३. पहिल्या बरणीत काही टाकू नये. ती तुलनेसाठी. पुढच्या पाच बरण्यांत सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळीने १, २, ३, ४ आणि ६ मिलिलिटर द्रावण टाकावे. म्हणजे लिटरमागे १०, २०, ३०, ४० आणि ६० मिलिग्रॅम झाले. बरणीवर आकडा लिहावा.

४. सहाही बरण्या एक मिनिट जोरात ढवळाव्यात. मग पंधरा मिनिटे अगदी सावकाश. जोरात ढवळल्याने तुरटी सगळीकडे पसरते, सावकाश ढवळल्याने पुंजके मोठे होतात. पुढेही जोरात ढवळत राहिले तर तयार झालेले पुंजके फुटतात.

५. अर्धा तास बरण्यांना हात लावू नये. मग बरणीमागे छापील कागद धरून अक्षरे वाचून पाहावीत. ज्या सर्वांत कमी प्रमाणात अक्षरे स्पष्ट दिसतात, ते त्या दिवसाचे त्या पाण्याचे प्रमाण.

६. निवडलेल्या बरणीतले पाणी पीएच पट्टीवर तपासावे. तुरटी पाण्यातली क्षारता वापरते आणि पीएच उतरवते. पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा. तो खाली गेला असेल तर चुन्याची निवळी थोडी थोडी टाकून पुन्हा चाचणी घ्यावी.

समजा तीस मिलिग्रॅमची बरणी चांगली निघाली. मग वीस लिटरच्या कॅनला साठ मिलिलिटर द्रावण लागेल. कॅन उंच असल्याने निवळायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ द्यावा, वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे आणि घडी घातलेल्या सुती कापडातून गाळावे. तळाचा गाळ पाण्याच्या जागेपासून दूर टाकावा.

एक सूचना. न्हाव्याच्या दुकानातली स्फटिकासारखी तुरटी आणि पाणीपुरवठ्यासाठी मिळणाऱ्या तुरटीच्या मळकट लाद्या या एकच वस्तू नव्हेत. पहिलीत अॅल्युमिनियम कमी असते, त्यामुळे ती साधारण दीडपट लागते. जी वापरणार तिचीच चाचणी घ्यावी.

आम्हाला काय दिसले

वस्तीवर पाणी दोन ठिकाणांहून येते. हातपंप चालू असला तर हातपंपाचे, नाहीतर नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे. पाऊस मोठा झाला की झिरा बुजतो आणि मग थेट नाल्यातून घागर भरावी लागते. आम्ही एकाच दिवशी झिऱ्याचे आणि नाल्याचे पाणी शेजारी शेजारी मांडले. झिऱ्याचे पाणी लिटरमागे दहा मिलिग्रॅममध्येच निवळले. नाल्याच्या पाण्याला चाळीस लागले. साठ मिलिग्रॅमची बरणी चाळीसपेक्षा काही अधिक स्वच्छ झाली नाही, फक्त तळाशी गाळ वाढला आणि पीएच खाली आला. म्हणजे वरची वीस मिलिग्रॅम तुरटी वायाच गेली. ती नुसती वाया जाते असेही नाही. जादा अॅल्युमिनियम पाण्यात उरू शकते, आणि भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या वर कोणत्याही परिस्थितीत नसावे.

आता विचार करा. आपण एकच सूचना छापलेली पाकिटे पाठवली असती, तर ती झिऱ्याच्या पाण्याला चौपट झाली असती किंवा नाल्याच्या पाण्याला अपुरी पडली असती. आठ दिवसांनी नाल्याचा पूर ओसरला तेव्हा त्याच नाल्याचे प्रमाण बदलले होते.

बरण्या मांडल्या त्या दिवशी वस्तीवरल्या एका आजीने घरातून निवळीच्या बिया आणल्या. या झाडाला संस्कृतात कतक म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत पाणी निवळवण्याच्या साधनांत त्याचे नाव आहे. आपल्या भाषेने तर झाडाला कामाचेच नाव दिले. आजीने मडक्याच्या आतल्या खडबडीत बाजूवर बी घासली, पाणी ओतले आणि वाट पाहायला सांगितले. पाणी तुरटीइतके लवकर नाही, पण निवळले. शेवग्याच्या वाळलेल्या बियांचेही तसेच. सुदानात नाईल नदीच्या काठच्या बाया शेवग्याच्या कुळातल्या बियांनी पाणी निवळतात, हे सामिया अल अझारिया यान या संशोधक बाईंनी १९७० नंतरच्या काळात अभ्यासून जगापुढे आणले. बियांतल्या प्रथिनांवर धन भार असतो, त्यामुळे त्या तुरटीचेच काम करतात. पाणी मध्यम गढूळ असेल तर दोन लिटरला एक बी सोलून, बारीक वाटून लावतात, फार गढूळ असेल तर लिटरला एक. मात्र बियांचा अंश पाण्यात राहतो आणि जंतूंना खाद्य मिळते, म्हणून असे पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवू नये. या वेळी मी शिकवायला गेलो होतो आणि शिकूनही आलो. वस्तीवरच्या लोकांना काहीच माहीत नसते असे धरून आपण कोणतेही काम सुरू करू नये.

निवळले, पण शुद्ध झाले का?

सगळ्या बरण्या स्वच्छ दिसू लागल्यावर मागे उभी असलेली एक माय म्हणाली, "गुरुजी, तुरटी तं आमी पयलेपासून फिरोतो. पानी निवयते. मंग पोराईले हगवण काऊन लागते?"

सगळ्या पाठाचे मर्म या प्रश्नात आहे. उत्तर तोंडी देण्यापेक्षा आम्ही ते दाखवायचे ठरवले. विष्ठेतून येणारे जंतू पाण्यात आहेत का हे पाहण्यासाठी एचटूएसची छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले तर ते पिण्यास अयोग्य. तीन बाटल्या भरल्या : एक नाल्याच्या गढूळ पाण्याची, दुसरी तुरटीने निवळलेल्या पाण्याची, तिसरी निवळवून नंतर क्लोरीन टाकलेल्या पाण्याची. दुसऱ्या दिवशी पहिली काळी झाली होती. दुसरी, जिच्यातून आदल्या दिवशी अक्षरे वाचली होती, तीही काळी. तिसरीचा रंग बदलला नव्हता. कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. त्या मायने तिन्ही बाटल्या हातात घेऊन पाहिल्या आणि दुसरी सगळ्या बायांना फिरवून दाखवली.

गाळाबरोबर पुष्कळ जंतू खाली बसतात हे खरे, पण सगळे बसत नाहीत. हगवण, कावीळ, विषमज्वर यांना उरलेले थोडेही पुरतात. म्हणून निवळवणे ही पहिली पायरी आणि निर्जंतुक करणे ही दुसरी. क्रम बदलू नये. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकले तर ते मातीतच खर्च होते आणि जंतू कणांच्या आडोशाला राहतात.

टाकीसाठी ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात, ती वापरतात. पावडर चांगली असेल, म्हणजे तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असेल, तर एक हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. उघडी किंवा ओलसर जागी ठेवलेली पावडर आपला जोर गमावते, मग तेच माप पुरत नाही. घरच्या कॅनसाठी आरोग्य सेविकेकडून मिळणारे द्रव क्लोरीन किंवा गोळ्या वेष्टनावरच्या मापाने वापराव्यात. क्लोरीन टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे. मग ओटी चाचणीने पाहावे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. चाचणीचे पाणी पिऊ नये, फेकून द्यावे. तुरटी आणि ब्लीचिंग पावडर कोरड्या एकत्र कधीही ठेवू नयेत, एका भांड्यात कालवू नयेत. त्यातून विषारी वायू सुटू शकतो. क्लोरीन नसेल तर पाणी खळखळून उकळणे हाच मार्ग, पण त्यासाठी सरपण कोणाला डोक्यावर आणावे लागते तेही लक्षात ठेवावे.

काही गोष्टी तुरटीने, क्लोरीनने किंवा उकळण्याने जात नाहीत. शेतातल्या खतांतून व उकिरड्यांतून आलेले नायट्रेट, फवारणीची औषधे आणि बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड त्यांत येतात. नागपूरच्या नीरी संस्थेने फ्लोराइडसाठी तुरटी आणि चुना मोठ्या प्रमाणात वापरण्याची नालगोंडा पद्धत तयार केली आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची असते. म्हणून स्वच्छ दिसणारे हातपंपाचे पाणीही वर्षातून एकदा जिल्हा प्रयोगशाळेत पाठवणे आवश्यक आहे.

वचनाच्या प्रकाशात

यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. तुम्ही स्वतः निर्मळ पाणी प्यालात, ते पुरेसे नव्हते का? उरलेले पायांनी गढूळ का केलेत? माझ्या दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागते. हा दृष्टांत वाचताना मी आपल्याकडेच पाहतो. आपल्या स्वयंपाकघरात नळ आहे, भिंतीवर शुद्धीकरण यंत्र आहे. वस्तीवरच्या बाईला मात्र नाल्याचे पाणी प्यावे लागते. हा फरक परमेश्वराच्या नजरेतून सुटत नाही.

यरीहोच्या लोकांनी अलीशाला सांगितले की नगर चांगले आहे, पण पाणी वाईट आहे. अलीशाने मीठ घरोघरच्या भांड्यांत टाकले नाही, तो झऱ्याच्या उगमाकडे गेला. तिथे जे झाले तो परमेश्वराचा चमत्कार होता, त्या मिठाला आपण रसायन समजू नये. पण दिशा शिकण्यासारखी आहे. वस्तीवर आता झिऱ्याभोवती दगडांचा कठडा रचला आहे. गुरांचे पाणी पिणे आणि कपडे धुणे झिऱ्याच्या खालच्या अंगाला नेले आहे. उगम जपला तर घागरीत तुरटी कमी लागते.

आणि याकोब विचारतो की उघड्या व उपाशी भावाला नुसते कुशल बोलून पाठवले तर काय लाभ? कतकाचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टांत जुन्या संस्कृत ग्रंथांतही आहे. बी घासावी लागते, द्रावण मोजावे लागते, थांबावे लागते, तपासावे लागते. प्रीतीचेही तसेच आहे.

मग मदत कशी करावी?

तुरटीची पोती पाठवू नका. एका वस्तीसाठी एक तपासणी पेटी द्या : सहा बरण्या, मापाच्या नळ्या, लहान वजनकाटा, पीएच पट्ट्या, ओटीची बाटली आणि पावसाळाभर पुरतील इतक्या एचटूएसच्या बाटल्या. तुरटी त्या पेटीतल्या चाचणीनुसार गावातच विकत घेता येते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे असते. आपल्या वस्तीतल्या बायांची नावे त्यात यावीत यासाठी ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करणारा माणूसही पेटीइतकाच मोलाचा आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, आशाताई आणि आपले सेवक एकत्र बसले तर दर आठवड्याची चाचणी चालू राहते. आपण तिथे नसतानाही ती चालू राहावी, हाच आपल्या मदतीचा हेतू असावा.

ज्यांच्या मंडळीत महिला संघ किंवा तरुण संघ आहे, त्यांनी आधी आपल्या आवारातल्या विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यावर ही चाचणी करून पाहावी. हाताने केले की शिकवता येते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. यहेज्केल ३४:१७-१९ वाचा. आपल्या गावात निर्मळ पाणी कोण पिते आणि उरलेले कोणाच्या वाट्याला येते?

२. दुसरी बाटली स्वच्छ दिसत असूनही काळी का पडली? आपल्या मंडळीच्या सेवेत वरून निवळलेले, पण आतून न तपासलेले असे काय आहे?

३. अलीशा उगमाकडे गेला. आपण देत असलेली मदत घागरीपर्यंत थांबते की उगमापर्यंत जाते?

४. वस्तीवरच्या लोकांना आधीपासून माहीत असलेली कोणती गोष्ट आपण त्यांच्याकडून शिकू शकतो?

प्रार्थनेचे विषय

पावसाळ्यात वस्त्यांवरची लहान लेकरे हगवणीपासून सुरक्षित राहावीत. पाणी तपासणाऱ्या बायांना धीर व चिकाटी मिळावी. आरोग्य सेविका आणि आशाताई नाले ओलांडून जातात, त्यांचे रक्षण व्हावे. आणि आपण केलेले दान मोजून, तपासून, प्रीतीने खर्च व्हावे. आमेन.